उबेसाठी घराबाहेर

हवामान खात्याच्या हिशेबात किनाऱ्यावरच्या माणसाची थंडी वेगळी धरलेली आहे. मैदानी मुलखात किमान तापमान १० अंशांपर्यंत उतरल्याशिवाय थंडीच्या लाटेचा विचारच होत नाही. किनाऱ्यावरच्या ठाण्यांना मात्र १५ अंश पुरतात. पारा नेहमीपेक्षा निदान साडेचार अंश खाली हवा, ही अट दोन्हीकडे सारखीच. पण त्या पाच अंशांची सवलत आम्हा कोकणातल्या लोकांना मिळालेली आहे, आणि ती हक्काची आहे असं मी मानते. रत्नागिरीत जानेवारीच्या पहाटे १८-१९ अंश झाले की बाजारात कानटोप्या दिसायला लागतात. मुंबईत सांताक्रूझला जानेवारी १९६२ मध्ये पारा ७.४ अंशांवर गेला होता, त्याची आठवण हिवाळा आला की अजून निघते. आमच्या घरी लोकरीच्या कपड्यांना कपाटातला एक खण पुरतो. त्यात आईनं महाबळेश्वरला घेतलेला स्वेटर आणि एक शाल. तीही वडिलांना सत्कारात मिळालेली.

अशा घरातल्या मुलीला कंपनीनं जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात जबलपूरला पाठवलं.

माझं काम प्रयोगशाळांतली उपकरणं तपासण्याचं. तराजू, ओव्हन, इन्क्युबेटर जो आकडा दाखवतात तो खरा आहे का, हे प्रमाणित वजनांशी आणि प्रमाणित तापमापकाशी ताडून पाहायचं आणि दाखला द्यायचा. धंद्यात याला कॅलिब्रेशन म्हणतात. त्यामुळे माझ्या सामानात अंशाचा शंभरावा भाग दाखवणारा एक तापमापक कायम असतो. पुढे खोलीचे, गच्चीचे आणि नदीचे जे आकडे येतील ते त्याचे आहेत, माझ्या हुडहुडीचे नाहीत.

मुंबईहून जबलपूरची गाडी भुसावळ, खंडवा, इटारसी करत नर्मदेच्या खोऱ्यात शिरते. मार्ग जुना आहे. १८७० साली मुंबईकडून आलेले आणि कलकत्त्याकडून आलेले रूळ जबलपूरलाच एकमेकांना भेटले, आणि देशाच्या दोन टोकांची बंदरं आगगाडीनं जोडली गेली. इटारसीपर्यंत मी खिडकीशी बसून होते. पिपरिया, गाडरवारा, नरसिंहपूर मात्र मी पाहिलेलं नाही, कारण तोवर डोक्यावरून चादर घेतली होती. पहाटे स्टेशनाबाहेर रिक्षावाले टायरचा तुकडा आणि खोक्यांचे पुठ्ठे पेटवून गोल करून उभे होते. त्यातल्या एकानं माझ्याकडे पाहून विचारलं, "काय दीदी, ठंड लग रई?" आणि उत्तराची वाट न पाहता मला शेकोटीजवळ जागा करून दिली. भाड्याची बोलणी हात शेकून झाल्यावर झाली.

विजय नगर ही शहराच्या वायव्येची, आखून वसवलेली वस्ती. रुंद रस्ते, दुमजली बंगले, प्रत्येकाला लोखंडी फाटक आणि प्रत्येकाला गच्ची. आंतरराज्य बसस्थानक जवळ, अहिंसा चौकात संध्याकाळी चाटच्या गाड्या. अशाच एका गल्लीत एका मराठी कुटुंबाच्या वरच्या मजल्यावर माझी राहायची सोय होती. घरच्या काकूंचे सासरे नागपूरच्या हायकोर्टात नोकरीला होते. १९५६ च्या नोव्हेंबरात राज्यांची फेररचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि नव्या मध्य प्रदेशाचं हायकोर्ट जबलपूरला आलं. त्याबरोबर नागपूरची बरीच मराठी घरं इकडे सरकली, त्यातलं हे एक. तसा मराठी माणूस या गावात त्याच्याही आधीपासून आहे. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचं गोंड राज्य घेतलं, १७९८ च्या सुमारास पेशव्यांनी हे खोरं नागपूरकर भोसल्यांना दिलं, आणि १८१७ मध्ये ते इंग्रजांकडे गेलं. काकूंचं मराठी नागपुरी वळणाचं आणि हिंदीत मुरलेलं. "रजई कमी पडली तर सांगशील हो बेटा," त्या म्हणाल्या, आणि सांगायची वेळ येऊ न देता दुसरी रजई पायथ्याशी ठेवून गेल्या.

खोलीला उत्तरेकडे एक मोठी खिडकी होती. तिच्या खालच्या अर्ध्या भागात गज नव्हते, काच नव्हती. लाकडी फळी ठोकून वरून प्लास्टिक चिकटवलं होतं. उन्हाळ्यात तिथं कूलर बसतो. जबलपुरात मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो, तेव्हा त्याच भोकातून गवताच्या ओल्या ताट्यांचा गारवा खोलीत येतो. जानेवारीत फळीच्या कडेनं नुसता वारा यायचा. दाराखाली बोटभर फट. छताजवळ हवा खेळती राहावी म्हणून झरोका. जमिनीला संगमरवरी फरशी. उन्हाळ्यात ही खोली देवाची कृपा वाटत असणार.

पहिल्या सकाळी सातला मी तापमापक काढला. गच्चीवर ८.२. खोलीत १२.९. ठीक आहे, म्हटलं, आत चार-पाच अंशांचा तरी फायदा आहे. दुपारी एक वाजता पुन्हा पाहिलं. गच्चीवर सावलीत २२ अंश, आणि उन्हात उभं राहिलं तर स्वेटर काढावासा वाटेल अशी हवा. खोलीत साडेचौदा. सकाळपासून दुपारपर्यंत बाहेरची हवा चौदा अंशांनी चढली आणि माझी खोली दीड अंशानं. जबलपूरच्या थंडीचं सगळं मर्म मला त्या दोन आकड्यांत सापडलं, आणि पुढचे दिवस ते पक्कंच होत गेलं. या गावात थंडी घरात राहते. ऊब हवी असेल तर बाहेर पडावं लागतं.

याचं शास्त्र सोपं आहे. विटांची नऊ इंची भिंत आणि काँक्रीटचा स्लॅब उष्णता सावकाश घेतात आणि सावकाश सोडतात. रात्रभर निरभ्र आकाशाखाली गच्ची उष्णता फेकत राहते, भिंती थंड होतात, आणि दिवसाचं चार-पाच तासांचं तिरपं ऊन त्यांना पुन्हा तापवायला पुरत नाही. उत्तरेच्या भिंतीला तर ते लागतच नाही. भोवतीच्या भिंती गार असल्या की त्या आपल्या अंगातली उष्णता ओढून घेतात. म्हणून खोलीतली १४ अंशांची हवा बाहेरच्या १४ अंशांपेक्षा जास्त बोचते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये घरांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत थंडीच्या दिवसांत घरातलं तापमान निदान १८ अंश असावं असं म्हटलं आहे. विजय नगरातल्या त्या गल्लीत जानेवारीत १८ अंश फक्त रजईत मिळतात.

पण त्यासाठी घर बांधणाऱ्याला दोष देता येत नाही. जबलपूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे. म्हणजे भूगोलाच्या पुस्तकाप्रमाणे ते मनिला आणि रत्नागिरी यांच्याइतकंच उष्ण कटिबंधातलं गाव. जूनमध्ये सूर्य इथे अगदी डोक्यावर येतो. वर्षातले तीन-चार महिने जीव नकोसा करणारा उन्हाळा आणि पाच-सहा आठवड्यांची कडक थंडी, असा हिशेब असेल तर शहाणा माणूस घर उन्हाळ्यासाठीच बांधणार. समुद्र जवळ नाही, हवा कोरडी, उत्तरेला विंध्याच्या रांगा आणि दक्षिणेला सातपुडा, मध्ये नर्मदेचं खोरं. हिमालयात पश्चिमी विक्षोभ येऊन बर्फ पाडून गेला की मागून उत्तरेचा वारा सुटतो आणि दोन दिवसांत इथली पहाट सहा-सात अंशांवर येते. हीटर आहेत, पण दोन हजार वॅटचा हीटर तासाला दोन युनिट वीज खातो आणि त्याची ऊब दाराखालच्या फटीतून निघून जाते. काकूंचा हीटर कपाटाच्या वर होता. तो पाहुण्यांसाठी. मी पाहुणी होते म्हणून तो खाली आला. त्याच्यासमोर बसलं की गुडघे भाजतात आणि पाठ गारच राहते. दोन संध्याकाळींनंतर मीच तो परत वर ठेवायला सांगितला.

मग लोक काय करतात? नऊ वाजता गच्चीवर जातात.

मी कामावर निघायच्या आधी तासभर हा सोहळा पाहायचे, आणि रविवारी तर दुपारपर्यंत त्यात बसले. उन्हाची तिरीप पाण्याच्या टाकीच्या या बाजूला आली की काकू चटई टाकत. मागोमाग शेजारच्या बंगल्यातली सून तिच्या गच्चीवर, पलीकडच्या आजी त्यांच्या, समोरचे निवृत्त साहेब खुर्ची आणि वर्तमानपत्र घेऊन. गल्लीतलं सगळं बोलणं गच्ची ते गच्ची, आवाज चढवून. कुणाच्या मुलाचं लग्न कुठं अडलंय हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. रजया कठड्यावर वाळत घातलेल्या, लोणच्याच्या बरण्या उन्हात, लहान मुलाला मोहरीचं तेल चोळणं चाललेलं, कॉलेजातली मुलगी पुस्तक घेऊन आडवी. ऊन सरकेल तशी चटई सरकत जायची. अकराच्या सुमारास सगळी गल्ली आपापल्या गच्चीच्या ईशान्य कोपऱ्यात गोळा झालेली असायची. आमच्याकडे कोकणात घराबाहेर सोपा असतो, अंगण असतं, पण उन्हात जाऊन बसायचं कुणी मनात आणत नाही. ऊन हे टाळायचं असतं. इथं दिवसाची सगळी आखणी उन्हाच्या वेळापत्रकावर. अंघोळ बाराला. केस फक्त रविवारी धुवायचे. माझी खोबरेल तेलाची बाटली पहिल्याच रात्री पांढरीफटक गोठली होती. २४ अंशांखाली खोबरेल घट्ट होतं हे मी शाळेत शिकले होते, रत्नागिरीत ते पाहायची वेळ क्वचित आली. ती बाटलीही काकूंनी गच्चीवर ठेवली, बरण्यांच्या ओळीत.

आणि वाटाणा. जानेवारीतल्या जबलपूरविषयी लिहायचं आणि वाटाणा वगळायचा हे शक्य नाही. पाटण, शहपुरा, पनागर, मझौली या भागांत हिरव्या वाटाण्याचं मोठं पीक निघतं आणि इथला मटार देशभर जातो. जिल्ह्यानं 'एक जिल्हा एक उत्पादन' योजनेत हेच पीक निवडलं आहे. हंगामात हातगाडीवाला किलोच्या भाषेत बोलत नाही, पाच किलोची पिशवीच पुढे करतो. ती गच्चीवर आली की बायका परात मध्ये घेऊन बसतात. वाटाणे सोलायला मेंदू लागत नाही आणि हात उन्हात राहतात. सोललेले दाणे काही आजच्या निमोन्यात, काही कचोरीत, उरलेले फ्रीझरमध्ये वर्षभरासाठी. वाटाण्याला थंडी लागते, शेंग गोड भरायला ती हवीच. पण पहाटे दव गोठलं, म्हणजे लोक म्हणतात तसा पाला पडला, तर तेच पीक एका रात्रीत काळं पडतं. म्हणून थंडीची लाट आली की शेतकरी संध्याकाळी हलकं पाणी देतात आणि बांधावर धूर करतात. नाशिककडे निफाडच्या द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात त्याचंही कारण हेच. समोरचे साहेब रोज सकाळी वर्तमानपत्रातलं किमान तापमान मोठ्यानं वाचून दाखवत आणि लगेच मटारचा भाव सांगत. त्यांच्या मते या दोन बातम्या एकच होत्या.

प्रयोगशाळेत मात्र गच्ची नव्हती. तळमजला, उत्तरेकडचा दरवाजा, ग्रॅनाइटची टेबलं. तराजू तपासण्यापूर्वी प्रमाणित वजनं त्याच खोलीत काही तास नुसती ठेवावी लागतात. वजन भोवतालच्या हवेपेक्षा गरम असेल तर त्याच्याभोवती हवेचा सूक्ष्म प्रवाह वर चढतो आणि ते वजन आहे त्यापेक्षा हलकं भासतं; गार असेल तर उलट. चिमट्याऐवजी बोटांनी उचललं तरी मिलिग्रॅमचा खेळ बिघडतो. म्हणून माझी वजनांची पेटी रात्रभर तिथंच राहायची. वजनांना खोलीची सवय होऊ देण्याची तरतूद नियमात आहे, ती तपासणाऱ्या माणसाला नाही. बोटं इतकी बधिर व्हायची की चिमट्यात वजन आहे की नाही हे डोळ्यांनी पाहून ठरवावं लागे. थंडीत शरीर हातापायांच्या रक्तवाहिन्या आखडून रक्त आत खेचून घेतं, हृदय आणि यकृत वाचवतं आणि बोटं सोडून देतं. तिथल्या साहाय्यक ताई दर तासाला मला बाहेर काढायच्या. "चला मॅडम, पाच मिनट धूप खा लो." प्रयोगशाळेच्या मागे एका भिंतीला पाठ लावून शिपायापासून प्राध्यापकांपर्यंत सगळे एका रांगेत उभे असत. कामाचे अर्धे निर्णय त्या भिंतीशी होत होते. दाखल्यांवरच्या सह्यासुद्धा मी तिथंच घेतल्या.

माझा चुलतभाऊ व्यापारी जहाजावर इंजिनीअर आहे. जगातल्या जहाजांवर सर्वांत जास्त माणसं पुरवणाऱ्या देशांत फिलिपिन्स आणि भारत दोन्ही येतात, त्यामुळे त्याच्या जहाजावर निम्मे लोक फिलिपिनो. मनिलात वर्षातली सर्वांत गार पहाटही विशीच्या आसपास असते. त्यांना थंडी पाहायची असली तर ते बागियोला जातात, दीड हजार मीटरवरच्या डोंगरात. अमेरिकनांनी त्यांच्या अमदानीत उन्हाळ्याची राजधानी म्हणून ते वसवलं, जसं इंग्रजांनी आपल्याकडे महाबळेश्वर. अशी माणसं नोकरीसाठी फेब्रुवारीत बाल्टिक समुद्रात जातात. डेकवर उणे दहा, दोरखंडांवर बर्फ. भाऊ म्हणतो, डेकवर जाताना ते इतके कपडे चढवतात की कोण कोणता ते चालीवरून ओळखावं लागतं. आणि आत आले की अर्ध्या चड्डीत टेबल टेनिस खेळतात, कारण जहाजाच्या आत कायम २२ अंश. मी त्याला फोनवर जबलपूरचं सांगत होते. बाहेर आठ ऐकून तो हसला. "आणि खोलीत?" "तेरा." मग मात्र हसला नाही. "म्हणजे तू आमच्यापेक्षा थंडीत राहतेस की गं," तो म्हणाला. टोरांटोला राहणारी माझी मैत्रीणही हेच सांगते. बर्फातून चालत घरी आलं की कोट खुंटीला टांगायचा. तिला खरी थंडी वाजते ती डिसेंबरात नागपूरला माहेरी आल्यावर. थंड देशांत थंडी ही रस्त्यावरची गोष्ट आहे आणि दरवाजा लावला की संपते. आपल्याकडे दरवाजा लावला की सुरू होते.

मग एके दिवशी धुकं आलं, आणि गच्चीचा आधारही गेला. सकाळी खिडकीबाहेर समोरचा बंगला नव्हता. अकराला तो पुसटसा दिसला, दुपारी दोनला सूर्याची जागा कळण्याइतपत उजेड आला आणि चारला पुन्हा सगळं राखाडी. कमाल तापमान १५-१६ च्या वर गेलंच नाही. किमान तापमान १० किंवा कमी असताना कमाल नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी घसरलं की हवामान खातं त्याला शीत दिवस म्हणतं, आणि विजय नगरच्या मते थंडीच्या लाटेपेक्षा हा शीत दिवस वाईट. रात्र कितीही गार असली तरी रजई असते. दिवसाला फक्त ऊन असतं. जिल्हाधिकाऱ्यांनी शाळांच्या वेळा पुढे ढकलल्या. उत्तरेकडच्या गाड्या तासनतास रखडल्या. काकू त्या दिवशी गप्प होत्या, चिडचिड्या म्हणायलाही हरकत नाही, आणि गल्लीतला कुणीच कुणाशी बोलला नाही, कारण बोलायची जागाच बंद होती.

संध्याकाळी काकूंनी व्हरांड्यात शेगडी पेटवली. कोळसे लाल झाले तशा गल्लीतल्या दोघीतिघी शाली घेऊन आल्या. भाजलेले शेंगदाणे, हिरव्या मिरचीचं मीठ, आल्याचा चहा. नऊला सगळ्या उठल्या तेव्हा शेगडीत अजून निखारे होते. मी म्हटलं, खोलीत नेऊ का? काकूंचा आवाज एकदम बदलला. "नाही. ती चौकटीच्या आत येणार नाही." अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपट जोरानं चिकटतो. माणसाला गुंगी येते, ती झोपेची वाटते. उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी घेऊन झोपलेली कुटुंबं सकाळी उठत नाहीत. ज्या घराला खाली फट आणि वर झरोका आहे तिथं धोका कमी, पण थंडीत लोक पहिलं काम करतात ते फटी बुजवायचं.

चौकाचौकांत महानगरपालिका लाकडं टाकते, त्यांचा अलाव रात्री उशिरापर्यंत जळतो. त्याच्याभोवती बसस्थानकावर अडकलेले प्रवासी, सायकलरिक्षावाले, चौकीदार आणि कुत्री. गच्ची नसलेल्यांची ही गच्ची. ज्यांना परत जायला रजईही नाही अशी माणसं त्या गोलात होती. माझ्या तेरा अंशांच्या तक्रारीला ती पाहिल्यानंतर फारसा जोर राहिला नाही.

प्रवासवर्णन म्हणून स्थळांचं देणं थोडक्यात फेडते. कचनार सिटी विजय नगरातच आहे. तिथं ७६ फुटांची शंकराची बसलेली मूर्ती उघड्या आभाळाखाली आहे आणि खाली गुहेत बारा ज्योतिर्लिंगांच्या प्रतिकृती. कैलासावर राहणाऱ्याला जबलपूरची हवा काय करणार. भक्तांना मात्र चपला बाहेर काढाव्या लागतात. सकाळी साडेसातला त्या लाद्यांवरून मी जितक्या वेगानं प्रदक्षिणा घातली तितक्या वेगानं कुठलंच पुण्यकर्म केलेलं नाही. दुपारी दोन वाजता जा. भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांविषयी आणि धुवाँधार धबधब्याविषयी लिहिणाऱ्यांनी काही शिल्लक ठेवलेलं नाही. थंडीच्या दिवसांत धबधब्याचे तुषार अंगावर घेऊ नयेत, एवढीच माझी भर. कमानिया गेटजवळची खव्याची जिलबी गरम असतानाच खावी. ती काळपट, जाड, आतून ओली असते आणि एकीनंतर जेवणाची गरज राहत नाही. हातगाडीवरचे मुगाचे मंगोडे आणि गोवऱ्यांच्या विस्तवावर भाजलेले गक्कड वांग्याच्या भरतासोबत, ही खरी इथल्या हिवाळ्याची जेवणं. चूल पेटलेली असते तिथंच उभं राहून खायची असल्यामुळे त्यांची चव दुप्पट लागते.

ग्वारीघाटावर मात्र रेंगाळले. मकरसंक्रांत जवळ आली होती. त्या दिवशी तिलवारा घाटावर मेळा भरतो आणि स्नानाला गर्दी उसळते. मी गेले त्या पहाटे नुसतीच रोजची माणसं होती. पाण्यावरून वाफ उठत होती, पलीकडच्या तीरावरचा गुरुद्वारा तिच्यात अर्धा बुडालेला. एक सत्तरीचे आजोबा धोतर खोचून पाण्यात उतरले, तीन बुड्या मारल्या आणि तिथंच उभे राहिले. मी काठावर दोन मोज्यांत कुडकुडत होते. "उतर आओ बेटी," ते म्हणाले, "ठंड तो बाहर है, मैया तो गरम हैं." मी तापमापकाची दांडी पाण्यात सोडली. हवा ७.८, नर्मदा १८.६. आजोबांचं म्हणणं शंभराव्या अंशापर्यंत बरोबर होतं. पाणी हवेसारखं भराभर निवत नाही, म्हणून पहाटे नदी हवेपेक्षा दहा अंशांनी गरम असते आणि तिच्यावरची ओली हवा वर येताच निवते, तिच्यातल्या बाष्पाचे सूक्ष्म थेंब होतात आणि ते वाफेसारखे दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेला हवे असलेले १८ अंश मला जबलपुरात पहाटे रजईबाहेर फक्त तिथं मिळाले. मी पाय घोट्यापर्यंत सोडून बसले आणि उठायला उशीर केला, कारण बाहेर येताना आजोबांचं काय होतं ते मी पाहत होते. दात वाजत होते, पंचा सापडत नव्हता, आणि मघाचं तत्त्वज्ञान पूर्ण थांबलं होतं.

कुणाला डिसेंबर-जानेवारीत कामासाठी जबलपूरला जायचं असेल, तर काही गोष्टी सांगते. खोली घेताना टीव्ही आहे का, वायफाय आहे का हे मागाहून विचारा. आधी विचारा की खिडकी दक्षिणेला आहे का, कारण हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून फिरतो आणि तेवढ्यानं तीन-चार अंशांचा फरक पडतो. गच्चीची किल्ली मागून घ्या. एक जाड स्वेटर नेण्यापेक्षा तीन पातळ कपडे न्या, कारण ऊब कपड्यात नसते, दोन कपड्यांमध्ये अडकलेल्या हवेत असते. आमची गोधडी आणि त्यांची रजई दोन्ही त्याच तत्त्वावर चालतात. रजई दाबून बसलेली असेल तर ती पिंजून आणलेली मागा, कुणी वाईट वाटून घेत नाही. घरात घालायच्या चपला न्या, मोजे जास्तीचे न्या. महत्त्वाच्या भेटीगाठी अकरा ते तीनच्या मध्ये ठरवा आणि जमलं तर अंगणात. आणि रात्री कुणी प्रेमानं निखाऱ्यांची शेगडी खोलीत आणून दिली, तर आभार मानून ती दाराबाहेर ठेवा.